घरची तार आणि जगाचा चौक



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, आरोग्य अशा विषयांवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली. त्याच व्यासपीठावरून कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने इंटरनेटवर बोलावे याचे काही जणांना नवल वाटले असेल. मी अभियंता नाही. या विषयात मला जे कळले ते पुस्तके वाचून, आणि रस्त्याच्या कडेला खड्ड्यात बसून तारा जोडणाऱ्या मुलांना प्रश्न विचारून कळले. परंतु जसजसा मी खोलात गेलो तसतसे ध्यानात आले की हा विषय जितका यंत्रांचा आहे तितकाच करारांचाही आहे. दोन पक्ष समोरासमोर बसतात, देण्याघेण्याच्या अटी ठरतात, कोणी अडून बसतो, कोणी वाट रोखतो. आणि त्या बैठकीत ज्याला खुर्ची नसते त्याच्या खिशातून पैसे जातात. हे सारे माझ्या रोजच्या परिचयाचे आहे.

आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला आपला भविष्यनिर्वाह निधी किती साठला हे आता फोनवर पाहावे लागते. निवृत्त गिरणी कामगाराचा हयातीचा दाखला फोनवरून जातो. पोरांचा अभ्यास, दुकानदाराचा हिशेब, दवाखान्याचा नंबर, सारे त्याच तारेवर. जी वस्तू वीज आणि पाणी यांच्या पंक्तीला येऊन बसली आहे तिच्याविषयी नागरिकाला निदान एवढे ठाऊक असले पाहिजे की ती येते कोठून, आणि वाटेत कोणाकोणाच्या हातून येते.

प्रथम घरापासून निघू. भिंतीवर जी लहानशी पेटी दिवे मिचकावीत बसलेली असते, तिच्यातून केसासारखी बारीक काचेची तार बाहेर पडते. आपण जे काही पाठवतो त्याचे ही यंत्रणा लहान लहान तुकडे करते. इंग्रजीत त्यांना पॅकेट म्हणतात. आपण सरळ पाकीट म्हणू, कारण काम पाकिटाचेच आहे. एका पाकिटात सामान्यतः इंग्रजी दीड हजार अक्षरे मावतील एवढाच मजकूर असतो, आणि प्रत्येकावर पाठवणाराचा व घेणाराचा पत्ता असतो. काचेच्या तारेतून हे पाकीट प्रकाशाच्या उघडझापीने धावते, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने.

आपली तार थेट कंपनीच्या कचेरीपर्यंत एकटी जात नाही. खांबावर किंवा चौकातल्या डब्यात एक काचेचा फाटा असतो. त्यात एका तारेतला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटून दिला जातो. संध्याकाळी सारी आळी एकदम चित्रपट पाहू लागली की वेग मंदावतो, त्याचे एक कारण अशा वाटणीत असते. या फाट्यापासून तार गावातल्या कचेरीत जाते, तेथून कंपनीच्या मोठ्या केंद्रात. येथपर्यंतचा प्रवास एकाच मालकाच्या राज्यातला, किंवा मालक आणि त्याचा स्थानिक केबलवाला यांच्या राज्यातला. खरी गंमत यापुढे आहे.

इंटरनेट नावाची एक कंपनी जगात कोठेही नाही. हजारो स्वतंत्र जाळी आहेत: कोणाचे फोन कंपनीचे, कोणाचे विद्यापीठाचे, कोणाचे बँकेचे, कोणाचे चित्रफिती पुरवणाऱ्याचे. प्रत्येकाचा मालक वेगळा, हिशेब वेगळा, स्वार्थ वेगळा. ही जाळी एकमेकांना जोडली जातात, पाकिटे एकमेकांच्या हवाली करतात, आणि या हवाली करण्याच्या एकंदर व्यवहाराला आपण इंटरनेट म्हणतो.

कुर्डुवाडी जंक्शन येथे सर्वांना ठाऊक आहे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फुटी आणि मोठ्या गाडीचे साडेपाच फुटी. एका गाडीचा डबा दुसरीच्या रुळावर चढायचा नाही. म्हणून एका डब्यातला माल उतरवून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्यात चढवावा लागे. इंटरनेट घडवणाऱ्यांनी ही अडचण आधीच ओळखली आणि सर्वांसाठी रुळांची एकच रुंदी ठरवली. कोणत्या पत्त्याचे पाकीट कोणत्या वाटेने पाठवावे, हे जाळ्यांनी एकमेकांना सांगायची जी भाषा आहे तिचा पहिला आराखडा १९८९ साली याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड या दोन अभियंत्यांनी जेवणाच्या टेबलावर, हात पुसायच्या कागदांवर मांडला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बीजीपी म्हणतात. तिच्यात एक जाळे दुसऱ्याला एवढेच सांगते: “अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, अमुक पत्त्यांपर्यंत मी पोचवू शकतो.” आज जगातली सगळी जाळी याच भाषेत बोलतात. रूळ सर्वांचे एक झाले. पण डबा पुढे न्यायचा की नाही आणि भाडे काय घ्यायचे, हे भाषा ठरवीत नाही. ते माणसे ठरवतात.

हे ठरवण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात लहान जाळे मोठ्या जाळ्याला पैसे देते आणि म्हणते, “माझी पाकिटे जगात जेथे म्हणून जायची असतील तेथे पोचव.” याला ट्रान्झिट म्हणतात, ही सरळ हमाली आहे. दुसऱ्यात दोन जाळी म्हणतात, “तुझ्या गिऱ्हाइकांची पाकिटे मी घेतो, माझ्या गिऱ्हाइकांची तू घे, हिशेब नको.” याला पिअरिंग म्हणतात, म्हणजे बरोबरीची देवघेव. बँकांची धनादेश वटवणारी घरे आपल्याला माहीत आहेत. प्रत्येक बँकेचा कारकून प्रत्येक दुसऱ्या बँकेत खेटे घालीत बसला असता तर व्यवहार बुडाला असता. म्हणून सगळे एका ठिकाणी जमत आणि एकमेकांचे कागद एकमेकांना देत. जाळ्यांचेही तसेच. पन्नास जाळ्यांना प्रत्येकी दुसऱ्या प्रत्येकाशी वेगळी तार टाकायची म्हटले तर सव्वाबाराशे तारा लागतील. त्याऐवजी सर्वांनी एकेक तार एकाच खोलीत आणली, मध्ये एक सामाईक यंत्र ठेवले, की पन्नास तारांत काम भागते. या खोलीला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात. मी तिला चौक म्हणतो.

हे चौक कसे उभे राहिले याची लंडनची हकीकत मला विशेष बोधप्रद वाटते. १९९४ पूर्वी इंग्लंडमधल्या दोन कंपन्यांच्या गिऱ्हाइकांनी एकमेकांना पत्र पाठवले तर पुष्कळदा ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाई आणि परत येई. जाण्याचे भाडे द्यावे लागे, येण्याचेही द्यावे लागे. १९९४च्या नोव्हेंबरात पाच जाळ्यांनी लंडनमध्ये आपला चौक सुरू केला. त्यांत ब्रिटिश टेलिकॉमसारखी बलाढ्य कंपनी होती, विद्यापीठांचे जाळे होते, आणि आपसांत गिऱ्हाइकांसाठी झगडणाऱ्या नव्या कंपन्याही होत्या. या संस्थेला लिंक्स म्हणतात. ती सभासदांच्या मालकीची आहे आणि नफा वाटून घेत नाही. आपल्याकडच्या सहकारी संस्थेशी तिचे जवळचे नाते आहे. प्रतिस्पर्ध्यांनी बाजारात खुशाल भांडावे, पण चौक सामाईक ठेवावा, हे शहाणपण त्यांना भाडेपट्टीच्या आकड्यांनी शिकवले.

तो चौक जेथे भरला ती इमारत लंडनच्या जुन्या गोद्यांच्या भागात, ईस्ट इंडिया गोदीच्या शेजारी आहे. १८८९ साली याच गोद्यांतल्या हमालांनी ताशी सहा पेन्सांसाठी संप केला होता आणि जिंकला होता. ती गोदी १९६७ साली बंद झाली, आणि १९९० साली तिच्या परिसरात यंत्रे ठेवायची ही मोठी इमारत उघडली. जेथे माल एका गलबतातून दुसऱ्यात जाई तेथे आता पाकिटे एका जाळ्यातून दुसऱ्यात जातात. धंदा बदलला, पण मालाने हात बदलण्याची जागा महत्त्वाची असते हा नियम बदलला नाही.

आता दुसरी हकीकत, आफ्रिकेतली. लंडनमध्ये जे सहज झाले ते नैरोबीत झगडून मिळवावे लागले, म्हणून ती सविस्तर सांगतो. केनियात तेव्हा परदेशी संदेश वाहून नेण्याचा मक्ता एकट्या टेलकॉम केनिया या सरकारी कंपनीकडे होता. नैरोबीतल्या एका गल्लीतून समोरच्या गल्लीत पत्र पाठवले तरी ते उपग्रहावरून सातासमुद्रापार जाई आणि पुन्हा उपग्रहावरून परत येई. तेथल्या खासगी इंटरनेट कंपन्यांनी आपली संघटना केली आणि नोव्हेंबर २००० मध्ये नैरोबीत चौक उघडला. मक्तेदार कंपनीने तक्रार केली की यामुळे आमच्या मक्त्याचा भंग होतो. दोन आठवड्यांच्या आत सरकारी नियामकाने चौक बंद करण्याचा हुकूम काढला.

मक्ता होता तो परदेशी वाहतुकीचा. आणि चौकात देशातल्या देशात पाकिटे बदलली जात होती! घरातल्या घरात देवघेव केली तर वेशीवरच्या जकातीचा भंग होतो, अशातला हा प्रकार. परंतु ज्याचे उत्पन्न लांबच्या वाटेवर अवलंबून असते त्याला जवळची वाट नेहमीच बेकायदा वाटते.

त्या कंपन्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी दाद मागितली, कागद लढवले, लोकांना समजावून सांगितले. सुमारे एक वर्ष गेले. नोव्हेंबर २००१ मध्ये परवाना मिळाला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पाच जाळ्यांनिशी चौक पुन्हा सुरू झाला. परिणाम काय झाला? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आकडे दिले आहेत. देशातल्या देशात पाकीट जाऊन यायला जेथे २०० ते ६०० मिलिसेकंद लागत, तेथे २ ते १० लागू लागले. आणि परदेशी वाहतुकीचे वर्षाला सुमारे पंधरा लाख डॉलर वाचू लागले. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मिलिसेकंद. हा फरक किरकोळ वाटेल. पण एक पान उघडताना यंत्रे एकमेकांशी पाचपन्नास वेळा बोलतात. प्रत्येक बोलण्याला अर्धा सेकंद लागला तर माणूस कंटाळून उठून जातो.

आता आपल्या देशाकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि १९९८ साली खासगी कंपन्यांना मुभा मिळाली. कंपन्या वाढल्या, पण त्या आपसांत भेटत नव्हत्या. मुंबईतल्या एका कंपनीचे पाकीट मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीकडे अमेरिकेमार्गे जाई. हे थांबवण्यासाठी २००३ साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही नफा न कमावणारी संस्था स्थापन झाली आणि नोएडा, मुंबई, चेन्नई व कोलकाता येथे चौक उघडले. पुढे त्यांची संख्या वाढत गेली. काम योग्यच होते. परंतु कित्येक वर्षे तेथे एक नियम होता: जो पाकिटे मागवील त्याने पाठवणाऱ्याला पैसे द्यावेत. घराघरांत तारा टाकणाऱ्या कंपनीची गिऱ्हाइके पाठवतात थोडे आणि मागवतात फार. म्हणजे जिने चौकात सर्वांत जास्त लोक आणायचे, तिलाच दारात नाणे टाकावे लागणार. अशा चौकात लोक पूर्ण मनाने येत नाहीत. पाऊल आत, पाऊल बाहेर ठेवतात. यंत्रे चांगली असूनही केवळ एका कलमामुळे बाजार फुलत नाही. आज मुंबईत निक्सीशिवाय दुसरेही चौक आहेत. फ्रँकफुर्टचा प्रसिद्ध चौक चालवणाऱ्या डीई-सिक्स या जर्मन संस्थेच्या मुंबईतल्या चौकात शेकडो जाळी जोडलेली आहेत.

आपल्या गावाला याचा काय लाभ? हिशेब करून पाहू. आपण आणि आपला शेजारी यांच्या कंपन्या वेगळ्या आहेत असे समजा. त्या दोघी मुंबईत भेटत असतील तर आपले पाकीट साडेचारशे किलोमीटर मुंबईला जाईल आणि तितकेच परत येईल. काचेच्या तारेत त्याला पाच मिलिसेकंदही लागायचे नाहीत. त्या दोघी मुंबईत न भेटता सिंगापुरात भेटत असतील तर त्याच पाकिटाचा प्रवास नऊ हजार किलोमीटरांच्या वर जाईल, वेळ दसपट होईल आणि समुद्रातल्या तारेचे भाडे पडेल ते वेगळेच. शिवाय समुद्रातली तार तुटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रेंगाळले. घरचा व्यवहार घरच्या चौकात होत असेल तर अशा वेळी निदान शेजाऱ्याशी बोलणे तरी तुटत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घ्यावा. कोणी म्हणेल, “आज मोठ्या कंपन्या चौकात येतातच कशाला? त्या एकमेकींशी थेट तार जोडतात.” हे खरे आहे. नेटफ्लिक्ससारखी कंपनी २०१२पासून लोकप्रिय चित्रफितींनी भरलेली आपली यंत्रे इंटरनेट कंपन्यांच्या घरातच ठेवते, म्हणजे चित्रपट लांबून आणावाच लागत नाही. पण ही सोय प्रामुख्याने मोठ्यांची मोठ्यांसाठी आहे. आपल्या पेठेतला चारशे घरांचा केबलवाला कोणाशी थेट करार करणार? त्याला कोण विचारतो? तो चौकात एक तार आणून पोचला तर एका दिवसात शेकडो जाळ्यांच्या शेजारी उभा राहतो. चौक नसेल तर तो एकाच मोठ्या कंपनीच्या दाराशी हमालीचे पैसे घेऊन उभा, आणि ती सांगेल तो भाव. एकट्या कामगाराची मालकापुढे जी गत तीच याची.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. तारा टाकणाऱ्या कंपन्या म्हणतात, “रस्ते आम्ही खोदले, खर्च आम्ही केला, आणि आमच्या तारांवर चित्रफिती पाठवून नफा कमावतात दुसरेच. त्यांनी आम्हाला वाटा द्यावा.” २०२३ साली आपल्याकडेही ही मागणी पुढे आली. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. खोदकामाला खरोखरच पैसा लागतो. परंतु घरी बसून चित्रफीत मागवणाऱ्या गिऱ्हाइकाने ती आणण्याचे पैसे दरमहा आधीच दिलेले असतात. त्याच पाकिटासाठी पाठवणाऱ्याकडूनही भाडे घेणे म्हणजे एकाच पोत्याची हमाली दोनदा घेणे होय. दक्षिण कोरियाने २०१६पासून इंटरनेट कंपन्यांमध्ये पाठवणाऱ्याने पैसे द्यावेत असा नियम लागू केला. तेथे चित्रफिती दाखवणाऱ्या ट्विच या कंपनीने, जाळ्याचे भाडे इतर बहुतेक देशांच्या दसपट पडते असे सांगून, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातला गाशा गुंडाळला. आपल्याकडे मागवणाऱ्याने द्यायचे होते, तेथे पाठवणाऱ्याने. दोन्हीकडे चौकाच्या तोंडाशी नाका बसला. ज्याने त्याने आपली तार स्वतःच्या खर्चाने चौकापर्यंत आणावी, चौक चालवण्याची वर्गणी भरावी, आणि आत आल्यावर देवघेव मोकळी असावी, हा लंडनचा साधा रिवाज मला अधिक न्यायाचा वाटतो.

आता आपण काय करायचे? मी आपल्याला मोर्चा काढायला सांगत नाही. तीन प्रश्न विचारायला सांगतो. महिन्याचे पैसे न्यायला किंवा नवी जोडणी द्यायला जो येतो त्याला विचारा: तुमची कंपनी मुंबईच्या कोणत्या चौकात जोडलेली आहे? गावाबाहेर जाणारी वाट एकच आहे की दोन? आणि एक तुटली तर दुसरी आपोआप चालू होते का? त्याला उत्तर येणार नाही. तो वरच्याला विचारील. शंभर घरांनी विचारले तर वरचाही त्याच्या वरच्याला विचारील. नगरसेवकाला चौथा प्रश्न विचारा. प्रत्येक कंपनी तोच रस्ता पुन्हा पुन्हा खोदते, त्यापेक्षा सर्वांना वापरता येईल अशी एक सामाईक नळी रस्त्याखाली का घालू नये? लहान केबलवाल्यांना माझे सांगणे आहे की एकेकट्याने मुंबईपर्यंत तार नेणे परवडत नसेल तर पाचदहा जणांनी मिळून न्या. सहकाराचा धडा या जिल्ह्याला बाहेरून कोणी येऊन शिकवायला नको.

आणि जाता जाता त्या खड्ड्यातल्या मुलांविषयी. काचेच्या दोन तारांची टोके यंत्रात समोरासमोर धरून, क्षणभर ठिणगी पाडून, ती एकजीव करावी लागतात. कण एवढा जरी धुळीचा राहिला तरी जोड वाया जातो. पावसात, रात्री, रहदारीच्या कडेला बसून हे काम करणारी मुले बहुतेक ठेकेदाराकडची असतात. कोणाला नियुक्तिपत्र नाही, कोणाचा विमा नाही. तार तुटली की आपण कंपनीला फोन करून रागावतो, आणि तो राग अखेर त्यांच्या डोक्यावर उतरतो. पुढच्या वेळी तो मुलगा खांबावर चढलेला दिसला तर त्याला पाणी विचारा, आणि त्याचा विमा उतरवला आहे का हेही विचारा. जगातली सारी जाळी त्याच्या बोटांनी जोडलेली आहेत.